शेगडीची मुजाहमत

औरंगपुऱ्यातल्या त्या घरात बिऱ्हाडं तीन होती आणि फ्यूज एक. रस्त्याच्या बाजूला याकूब मास्टरांचं शिलाईचं दुकान, दुकानामागं त्यांची राहायची एकच खोली. अंगणाच्या अलीकडं आमच्या दोन खोल्या. आणि माडीवर घरमालकीण काकू, एकट्या, रेडिओसह. जिन्याखाली लाकडी फळीवर मीटर आणि त्याच्या शेजारी चिनी मातीचा पांढरा फ्यूज. तो गेला की तिन्ही घरं एकदम गप्प व्हायची. रेडिओ मध्येच थांबायचा आणि मग काकूंचा आवाज जिन्यावरून खाली यायचा. दिवसभर त्या घरात मास्टरांच्या मशीनची घरघर असायची, बाहेर टांग्यांच्या घोड्यांच्या टापा, दुपारी कल्हईवाला, आणि आमच्या स्वयंपाकघरात मायच्या बांगड्या. इतके आवाज होते की आम्ही ते ऐकतो हे आम्हाला कळतही नव्हतं. फ्यूज उडाला आणि मशीनसुद्धा थांबली की कळायचं. मास्टरांची मशीन पायाची होती, तिला विजेची गरज नव्हती. पण फ्यूज उडाला की ते आपसूक पाय थांबवायचे, जणू आपल्याच हातून काही झालंय.

आम्ही मूळचे खुलताबादकडचे. शेती चुलते बघायचे, आबा तहसील कचेरीत कारकून होते. पोलीस ॲक्शन होऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, पण आबांच्या बोलण्यात अजून निजामाची शाळा होती. ते सगळं शिकले उर्दूतून, गणितसुद्धा. कचेरीचं कामकाज उर्दूतून गेलं तेव्हा त्यांनी रात्रंदिवस बसून मराठी मोडी-बाळबोध घासली, मग थोडं इंग्रजी; पण बेरीज करताना ओठ हलायचे ते ‘ग्यारह, बारह’ असेच. आपल्याला काही येतं, हे ते कुणाला सांगायचे नाहीत. ‘आमचं शिक्षण त्या राज्याबरोबर गेलं,’ असं एकदा हसत म्हणाले होते. मला ते हसणं तेव्हा खरंच वाटलं होतं.

शेगडी आली ती मामाकडून. मामा हैदराबादला रेल्वेच्या वर्कशॉपात होता. एका दिवाळीला आला तो बगलेत पुठ्ठ्याचं खोकं घेऊन. आत विजेची शेगडी: लोखंडी पाय, मधे मातीची गोल थाळी, थाळीत गोगलगाईच्या शंखासारखी फिरत गेलेली खाच आणि खाचेत वेटोळी तार. तारेला कॉइल म्हणतात, हे मामानं सांगितलं. मायचे डोळे चुलीच्या धुरानं सदा लाल, छातीत हिवाळाभर घरघर. मामानं वायर लावली, बटण दाबलं, आणि ती तार आधी काळीच राहिली, मग वाळक्या मिरचीच्या रंगाची झाली, मग केशरी. माय पदर तोंडाला लावून बघत राहिली. म्हणाली, “हिला फुकावं लागत नाय?”

“नाय.”

“आन् राख?”

“राख कशाची, आक्का? लाकूडच नाय तर राख कुठून?”

त्या दिवशी मायनं येसराची आमटी केली, शेंगदाणे भाजले, परत एकदा नुसतं पाणी उकळलं, आणि संध्याकाळी कारण नसताना दूध तापवलं. पुढचे कित्येक दिवस ती शेगडीशी बोलायची. ‘दम धर, आलेच,’ म्हणायची. भाकरी मात्र त्या शेगडीवर हळू व्हायची. एक बाजू शेकेपर्यंत दुसरी थापून तयार असायची, आणि माय तव्याकडं बघत हात परातीत ठेवून बसायची. तेवढी एकच तक्रार होती.

दोन-तीन महिन्यांनी कॉइल तुटली. माय अशी बसली जणू घरातलं माणूस आजारी पडलं. मी त्याच वर्षी कॉलेजात जायला लागले होते, सायन्सला. आमच्या वर्गात मुली चार, आणि त्या चौघींत गावाकडची मी एकटी. मी प्लग काढला, तुटलेली दोन टोकं ओढून जवळ आणली, जळून ठिसूळ झालेला भाग चांगली तार लागेपर्यंत पकडीनं कापून टाकला, टोकं एकमेकांत पिळली आणि खाचेत बसवली. शेगडी लागली. माय म्हणाली, “सुमे, लई गुणाची गं तू.” आजवर मला मिळालेल्या कौतुकांत हे मी बरंच वर ठेवते.

कॉइल पुन्हा तुटली. मी पुन्हा जोडली. आणि मग एक नवलाची गोष्ट माझ्या लक्षात आली, माझ्या आधी मायच्या: प्रत्येक दुरुस्तीनंतर शेगडी आधीपेक्षा चांगली तापायची. जी भाकरी हळू शेकायची, ती आता टम्म फुगायला लागली. डाळ लवकर शिजू लागली. “हिच्या हाताला गुण हाय,” माय सगळ्यांना सांगायची. “दुकानातून आली तव्हा अशी नव्हती. सुमीचा हात लागला आन् शेगडीला जोर आला.” काकू माडीवरून दुधाचं पातेलं घेऊन खाली यायला लागल्या. आबांनी कचेरीत सांगितलं. मी तर स्वतःला अर्धी इंजिनिअर समजू लागले होते. पाच की सहा वेळा मी ती कॉइल जोडली. औरंगपुऱ्यातच, चार दुकानं पलीकडं, नवी कॉइल मिळत होती. पण ती आणायची म्हणजे माझ्या हाताचा अपमान!

त्याच सुमारास याकूब मास्टरांनी विजेची इस्त्री घेतली. मास्टर खुलताबादचे, बायको-मुलं तिकडंच; ते आठवडाभर इथं एकटे राहून शिवायचे आणि जुम्म्याला घरी जायचे. शेरवानी शिवावी तर त्यांनीच, असं शहरात बोलायचे. बोलणं मऊ, अर्धं मराठी, अर्धं दखनी. रमजान लागायच्या आधी ईदच्या कपड्यांची गर्दी सुरू झाली होती आणि कोळशाची इस्त्री फुंकून फुंकून त्यांचा जीव मेटाकुटीला आला होता. नवी इस्त्री त्यांनी आम्हाला सगळ्यांना बोलावून दाखवली, नव्या नवरीसारखी फडक्यात गुंडाळलेली. मायनं त्यांना विचारलं, “फुकावं लागत नाय ना?” आणि दोघं हसले.

त्यानंतर फ्यूज उडायला लागला. एकदा, मग दोन दिवसांनी, मग रोज. सकाळी नऊच्या सुमारास, मायच्या भाकरी चालू असताना, जिन्याखाली टक् असा आवाज व्हायचा आणि सगळं बंद. काकू लक्ष ठेवून होत्या. त्या फार हुशार बाई, कुठलीही गोष्ट दोनदा बघितली की तिसऱ्यांदा त्यांची खात्री झालेली असायची. त्यांनी बघितलं की मास्टरांनी इस्त्रीचं बटण दाबलं की काही वेळात फ्यूज जातो. नाही दाबलं तर जात नाही. वायरमनला बोलावलं. तो म्हणाला, जाड तार टाकून देतो. आबा म्हणाले, “नको. जाड तार टाकली तर फ्यूज उडायचा थांबंल, पण भिंतीतली वायर पेटंल.” मग काकूंनी निकाल दिला. अंगणात उभ्या राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

“मास्टर, तुमची इस्त्री या घरात चालायची नाही. चालवायचीच असेल, तर ईद झाली की दुसरी जागा बघा. शेगडी दिवाळीपासून आहे, तेव्हा काही होत नव्हतं. इस्त्री आली आणि हे सुरू झालं. यात मला कुणी काही सांगू नका.”

कुणी काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं? मलाही ते बरोबरच वाटलं. मास्टर मान खाली घालून म्हणाले, “काकी, मेरी इस्त्री का कसूर है तो है. नक्को बोलके क्या होता?” आणि खाटेखालून कोळशाची जुनी इस्त्री काढून पुसायला लागले. रमजान लागला होता. तोंडात पाण्याचा थेंब नाही आणि निखाऱ्यांशेजारी दिवसभर उभं राहायचं. संध्याकाळी रोजा सोडायच्या वेळेला माय माझ्या हातून त्यांना धपाटे पाठवायची, कांद्याची पात घातलेले, वर लोण्याचा गोळा. मी ताटली नेऊन द्यायची तेव्हा त्यांच्या हातांना कोळशाचा वास यायचा.

त्या दिवसांत कॉलेजात आम्हाला ओहमचा नियम चालू होता. प्रयोग सोपा: तार, बॅटरी, व्होल्ट मोजणारं मीटर, अँपिअर मोजणारं मीटर. व्होल्टला अँपिअरनं भागलं की तारेचा रेझिस्टन्स. व्होल्टला अँपिअरनं गुणलं की पॉवर, म्हणजे वॅट. मग सरांनी फळ्यावर एक उदाहरण घातलं: एका हीटरची तार मधोमध कापली आणि एकच अर्धा भाग त्याच व्होल्टवर लावला, तर उष्णता किती मिळेल? मी सगळ्यांच्या आधी हात वर केला. शेगडीवाली मुलगी मी! म्हटलं, “अर्धी. तार अर्धी, तर उष्णता अर्धी.”

सर म्हणाले, “सगळ्यांना असंच वाटतं. करून बघा.”

तार अर्धी, म्हणजे रेझिस्टन्स अर्धा. व्होल्ट तेवढेच, म्हणजे करंट दुप्पट. व्होल्ट गुणिले करंट, म्हणजे पॉवर दुप्पट. मी वहीत ओळीखाली ओळ लिहीत गेले आणि शेवटच्या ओळीवर आले तेव्हा मला वर्गातला आवाज ऐकू येईनासा झाला. शेगडीला जोर माझ्या हातानं आलेला नव्हता. मी कापून टाकलेल्या तुकड्यांनी आला होता. दर दुरुस्तीला मी कॉइल आखूड करत होते, आखूड कॉइल जास्त करंट ओढत होती, म्हणून भाकरी फुगत होती, म्हणूनच कॉइल पुन्हा लवकर तुटत होती, आणि फ्यूज… फ्यूज मास्टरांच्या इस्त्रीनं उडत नव्हता. किंवा उडत होता, पण तो काठोकाठ मी भरून ठेवला होता.

घरी येताना रस्ता कसा सरला ते आठवत नाही. आबा अंगणात सायकल पुसत होते. मी त्यांना वही दाखवली आणि भडाभडा सगळं सांगितलं. त्यांनी फडकं बाजूला ठेवलं, वही हातात घेतली, आणि इंग्रजी शब्दांवर बोट ठेवत ठेवत वाचली. मग म्हणाले, “रेझिस्टन्स म्हंजे मुजाहमत.”

“काय?”

“मुजाहमत. आमच्या किताबात हेच हुतं. बर्की रौ म्हंजे तुझा करंट. मुजाहमत कम, तर रौ ज्यादा.” त्यांचा चेहरा असा झाला होता जसा खूप वर्षांनी शाळासोबती भेटल्यावर होतो. “हे मला येतं गं, सुमन. मी विसरलो नाय.” मग लगेच कारकुनासारखे झाले. “पन हे वहीतलं झालं. आदी मोज. मोजल्याबिगर बोलायचं नाय. चुकलं तर मास्टरला आशा लावल्यासारखं व्हईल.”

कॉलेजच्या प्रयोगशाळेत नामदेवमामा म्हणून एक सहायक होते. मीटरची कपाटं त्यांच्या ताब्यात. मी शनिवारी त्यांच्याकडं गेले आणि रविवारपुरती दोन मीटरं मागितली. ते आधी ‘नाय’ म्हणाले, मग ‘कशाला’ म्हणाले, आणि गोष्ट ऐकल्यावर स्वतःच कपाट उघडून बसले. “ही न्यायची नाय, ही बॅटरीची हाएत. घरातल्या करंटवर काटासुद्धा हलायचा नाय, उलटं मीटर जाईल. ही घे.” सरांची परवानगी त्यांनीच आणली. मी मीटरं ओढणीत गुंडाळून छातीशी धरून घरी आणली, तान्ह्या बाळासारखी.

पुढं माझी सगळी नोकरी मीटर तपासण्यात गेली. त्या जोरावर सांगते की रविवारी सकाळी मी जे केलं ते आज कुणा मुलानं माझ्यासमोर केलं तर मी त्याला आधी फटका देईन आणि मग कारण सांगेन. पोळपाटावर मीटरं मांडून, वायरींची टोकं नुसती स्क्रूखाली दाबून, मी चालू विजेत बसले होते. पायाखाली कोरडा पाट होता आणि मेन स्विचपाशी आबा उभे होते, हीच काय ती अक्कल.

शेगडीच्या बुडाला पत्र्यावर लिहिलेलं होतं: दोनशे तीस व्होल्ट, हजार वॅट. म्हणजे दुकानातून निघताना ती चार अँपिअरच्या थोडं वर घेत असणार आणि तिचा रेझिस्टन्स साधारण त्रेपन्न ओहम असणार. आता बटण दाबलं. व्होल्टचा काटा दोनशे वीसवर थांबला. अँपिअरचा काटा चारावर थांबला नाही, पाचावर थांबला नाही, सहाच्याही किंचित पुढं गेला. सहा पूर्णांक दोन. मी भागाकार केला: साडेपस्तीस ओहम. त्रेपन्नाचे साडेपस्तीस! तिसरा हिस्सा कॉइल मी कापून फेकून दिली होती. गुणाकार केला: तेराशे चौसष्ट वॅट. आमच्या घरातल्या दोनशे वीसवर कोऱ्या शेगडीनं नऊशेच्या आसपास दिले असते. जवळजवळ दीडपट झाली होती. फ्यूजची तार पाच अँपिअरची. ती लिहिल्यापेक्षा थोडं जास्त सोसते, म्हणून एकट्या शेगडीला पुरत होती. वर इस्त्री आली की संपलं.

माय सगळा वेळ चुलीच्या कोपऱ्यात उभी होती. आकडे तिला कळत नव्हते, पण आमची तोंडं कळत होती. “म्हंजे शेगडी जानार व्हय?” तिनं विचारलं.

मी म्हटलं, “जाणार नाही. पण काकूंना सांगावं लागेल.”

“नगं,” माय म्हणाली. “काकू शेगडीच बंद करत्याल. मी पुन्ना धुरात जानार नाय, सुमे. कुनाला बोलू नगं. ईदनंतर मास्टरला दुसरी जागा घावंल, त्यांचं काय हाय, एकटा मानूस.” हे बोलून तिनं तोंड फिरवलं आणि पीठ मळायला लागली, जोरजोरात. आबा मीटरच्या वायरी सोडवू लागले. मी वही मिटली. खरं सांगायचं तर मला जरा सुटल्यासारखं झालं. माझ्या हाताच्या गुणाची गोष्ट अजून शाबूत राहणार होती.

दुपारी मायनं मला मास्टरांकडं पाठवलं, ब्लाऊजचं माप द्यायला. पण मला उशीर लागतोय असं बघून ती स्वतःच मागून आली. मास्टर दाराच्या उजेडात मोतिया रंगाची शेरवानी मांडीवर घेऊन बसले होते. सकाळी कोळशाची ठिणगी उडाली होती. छातीवर, दुसऱ्या गुंडीच्या बाजूला, नखाएवढं भोक. ते आतल्या शिवणीतून एकेक धागा उसवून काढत होते आणि त्याच धाग्यानं भोक विणत होते, इतकं बारीक की सुई हलताना दिसायची पण धागा दिसायचा नाही. ओठ कोरडे पडले होते. माय दारात उभी राहिली. बराच वेळ.

“किती येळ लागंल याला?” तिनं विचारलं.

“दो दिन, भाभी. लडके की शादी की है. नाय दिसलं पायजे.” मग मान वर करून हसले. “मेरा हात हिलता ना अब, कोळसा फूँक फूँक के. उमर हुई.”

माय माझ्या आधी बाहेर पडली. अंगण ओलांडताना तिनं माझा हात धरला होता, मी लहान असताना धरायची तसा मनगटाला. आबांना म्हणाली, “अहो, बोलवा समद्यांना. काकूंना खाली बोलवा. ते काटे हलत्यात ते दाखवा त्यांना.”

तर चार वाजता आमच्या स्वयंपाकघरात सगळे जमले. काकू पाटावर, मास्टर उंबऱ्याबाहेर. माय ‘आत या’ म्हणाली तेव्हा आत. मी आधी कबूल करून टाकलं. म्हटलं, काकू, फ्यूज मास्टरांमुळं जात नाही, माझ्यामुळं जातो. मी कॉइल कापून कापून आखूड केली, म्हणून शेगडी जास्त वीज ओढते.

काकूंनी माझ्याकडं असं पाहिलं जणू मला ताप आहे. “अगं, आखूड केलीस तर ती कमी ओढेल ना! दोरी आखूड केली तर पाणी कमी खोलावरून येतं. कॉलेजात हे शिकवतात?”

“मलापण तसंच वाटत होतं. सगळ्यांना असंच वाटतं.”

मी बटण दाबलं. काटा सहाच्या पुढं गेला. मग मास्टरांची इस्त्री आणली, फडक्यातून काढली, तीच मीटरं तिला लावली. काटा दोनाच्याही अलीकडं थांबला. एक पूर्णांक नऊ. काकू वाकल्या. चष्मा वर करून शेगडीचा आकडा पुन्हा दाखव म्हणाल्या. दाखवला. इस्त्रीचा पुन्हा दाखव. दाखवला. दोनदा बघितलं होतं. तिसऱ्यांदा त्यांनी मागितलं नाही.

“पण आखूड तार जास्त कशी ओढते?” त्या म्हणाल्या. आवाज खाली आला होता, पण सुटका नव्हती. मी रेझिस्टन्स म्हटलं, ओहम म्हटलं, भागाकार म्हटलं. मास्टर माझ्याकडं आदरानं बघत होते आणि त्यांना एक अक्षर कळत नव्हतं. तेव्हा भिंतीला टेकून उभे असलेले आबा पुढं आले.

“मास्टर,” ते म्हणाले, “तार मुजाहमत करती है. जितनी लंबी तार, उतनी मुजाहमत. इसने तार काटी.”

मास्टरांच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. “हौ! मतलब रोकनेवाले कम हो गए, तो दौडनेवाले ज्यादा हो गए!”

“बस. तेच.”

मास्टर काकूंकडं वळले आणि शुद्ध मराठीत, हातवारे करून, त्यांना समजावू लागले. “काकी, दारावर दहा शिपाई असले तर लोक थोडे थोडे आत जातात. बरोबर? या पोरीनं तीन-चार शिपाई काढून टाकले. आता सगळे धावले. मग फ्यूज बिचारा काय करेल?” मी पुढं पस्तीसेक वर्षं लोकांना हा नियम सांगितला, पण त्याच्यापेक्षा चांगला सांगता आला नाही.

काकू हसल्या नाहीत. पण उठताना म्हणाल्या, “मास्टर, कोळशाची इस्त्री खाटेखाली टाका. आणि जागा बघू नका.” जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून परत वळून मला म्हणाल्या, “नवी कॉइल उद्याच्या उद्या. आणि तू नाही जोडायचीस.” मास्टरांनी मात्र माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, “बेटा, अपना कसूर खुद नाप के बताया. मेरे पास ऐसा कारीगर नै आया कभी.” मी रडले नाही, असं मी नंतर बरीच वर्षं सांगत होते.

नवी कॉइल सोमवारी आली. सगळ्यांसमोर चालू केली, मीटरं अजून परत द्यायची होती. चार पूर्णांक एक. वर मास्टरांची इस्त्री लावली. दोन्ही मिळून सहा. काकू जिन्याखाली फ्यूजसमोर स्टुलावर बसल्या, हातात घड्याळ घेऊन. माय भाकरी करत होती, मास्टर आमच्याच दारात फळी टाकून पायजमे इस्त्री करत होते. पाच मिनिटं. दहा. अर्धा तास. मग काकू उठल्या आणि म्हणाल्या, “रेडिओ लावते,” आणि वरून गाणं आलं, भाकरी आणि पायजमे आणि गाणं एकाच वेळी चालू, आणि फ्यूज आपल्या जागेवर. मास्टरांनी त्या ईदचं सगळं काम वेळेत उरकलं आणि मोतिया शेरवानी नवरदेवानं दोनदा उलटून पाहिली तरी त्याला काही दिसलं नाही. नान-खलियाचा, म्हणजे रोटी आणि मटणाच्या रश्श्याचा, डबा खुलताबादहून आमच्याकडं आला तो इतका मोठा की काकूंनीसुद्धा झाकण उघडून वास घेतला.

सगळे खूश होते, माय सोडून. आठवडाभर ती नुसती तव्याकडं बघत होती. मग एका सकाळी, तव्यावर भाकरी टाकून, परातीत हात ठेवून, ती म्हणाली, “सुमे.”

“काय?”

“भाकरी फुगत नाय गं पैल्यासारखी.”

“माय!”

“सगळी नगं. उलीशीच कापली तर? चार बोटं?”

मी कपाळाला हात लावला. पण दुसऱ्या हातानं मी वही ओढली होती. थाळीतल्या खाचेची लांबी दोऱ्यानं मोजली, चार बोटं त्यातनं वजा केली, ओहम काढले, अँपिअर काढले. पाव अँपिअरनं वाढत होतं. मायनं आकडा ऐकला आणि मला काही म्हणायच्या आधी ती पदर खोचून अंगणात गेली.

“मास्टर!” तिनं हाक मारली. “कॉइल चार बोटं कापू का? पाव वाढंल म्हनती पोरगी.”

मशीन थांबली. “चार बहुत होते, भाभी,” मास्टर आतून म्हणाले. “मुन्शीजी से पुछो.”

आबांनी, म्हणजे मास्टरांच्या मुन्शीजींनी, पेपर खाली न करता सांगितलं, “दोन.”

“एकही नाही!” काकू वरून म्हणाल्या. मग रेडिओचा आवाज जरा कमी झाला. “दोनानं किती वाढतंय?”

मी वहीत बघितलं आणि वर ओरडून सांगितलं, आठवा हिस्सा, काकू. अँपिअरचा आठवा हिस्सा.

“बरं,” काकू म्हणाल्या. “पण मोजून काप.”